सिव्हिलच्या विद्यार्थिनीसाठी लॅपटॉप : ७५ हजारांत काय बघून घ्यावा?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाते आहे, सांगलीत वसतिगृहावर राहते. तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. बजेट ७५ हजार, अगदीच गरज असेल तर ८०. पदवीची उरलेली तीन वर्षे आणि पुढे पहिल्या नोकरीपर्यंत चालावा.

लागणारी सॉफ्टवेअर अशी: ऑटोकॅड (नकाशे काढायला) आत्तापासून, तिसऱ्या वर्षी रेव्हिट (इमारतीचे थ्रीडी मॉडेल) आणि स्टॅड प्रो (स्ट्रक्चरचे विश्लेषण), शेवटच्या वर्षी ईटॅब्स (तेही विश्लेषणाचेच) आणि बहुधा क्यूजीआयएस (भौगोलिक नकाशांचे). गेम खेळत नाही.

दुकानदाराने दोन लॅपटॉप सुचवले आहेत. दोन्हींच्या पाटीवर "आय-५, १३वी पिढी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी" असे सारखेच लिहिले आहे, पण किमतीत मोठा फरक आहे.

अ) आय-५ १३३४यू, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, वजन १.६ किलो.
ब) आय-५ १३४२०एच, आरटीएक्स ३०५० (६ जीबी), १४४ हर्ट्झचा स्क्रीन, वजन २.३ किलो.

दुकानदार म्हणतो की 'अ' मध्ये १० कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत आणि 'ब' मध्ये ८, त्यामुळे 'अ'च जास्त वेगवान आणि शिवाय स्वस्त. मुलीच्या आत्याचा आग्रह मॅकबुक एअरचा आहे. कोणाचे ऐकावे? आणि पाटीवर नसलेल्या कुठल्या गोष्टी विचारून घ्यायच्या?

---

चौथा_मजला

नमस्कार. सरळ बाद होते ते आधी सांगतो, म्हणजे यादी लहान होईल.

मॅकबुक नको. यंत्र चांगले आहे, बॅटरीही भरपूर टिकते, पण रेव्हिट, स्टॅड प्रो, ईटॅब्स, सिव्हिल थ्रीडी यांपैकी एकही मॅकवर चालत नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती मिळते, तेवढ्याने सिव्हिलचे भागत नाही. मॅकमध्ये व्हर्च्युअल मशीन टाकून विंडोज चालवता येते, पण ती एआरएम (इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या) प्रोसेसरसाठीची विंडोज असते आणि ऑटोडेस्कचे त्यावर अधिकृत पाठबळ नाही. याच कारणासाठी स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही घेऊ नका. दुकानात ते "एआय पीसी" म्हणून पुढे केले जातात, दिसतात इतरांसारखेच, आणि सॉफ्टवेअर टाकायला बसल्यावर अडचण कळते. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच हवा.

आता कोअरचा हिशेब. १३३४यू मध्ये १० कोअर आहेत हे खरे, पण त्यांतले २ मोठे (वेगवान) आणि ८ लहान (कमी वीज खाणारे). १३४२०एच मध्ये ४ मोठे आणि ४ लहान. थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) दोन्हीकडे १२च. खरा फरक शेवटच्या अक्षरात आहे. 'यू' म्हणजे १५ वॅटच्या आसपास चालायला बनवलेला प्रोसेसर, 'एच' म्हणजे ४५ वॅटचा. पहिले काही सेकंद दोघे सारखेच पळतात, कारण 'यू'सुद्धा थोडा वेळ जास्त वीज ओढू शकतो. ईटॅब्समध्ये दहा मजली इमारतीचे विश्लेषण लावले, किंवा रेव्हिटमधून शीटांचे पीडीएफ काढायला घेतले, की काम काही मिनिटे सलग चालते. तेव्हा 'यू' तापमान आणि विजेच्या मर्यादेमुळे वेग उतरवतो, 'एच' टिकून राहतो. दुकानदाराने कोअर मोजले, ते किती वॅटवर चालतात ते पाहिले नाही.

ऑटोकॅड आणि रेव्हिटचे बरेचसे काम एका वेळी एकाच कोअरवर चालते, म्हणून त्यांना कोअरच्या संख्येपेक्षा एका मोठ्या कोअरचा वेग जास्त उपयोगी. तुमच्या बजेटात १३४२०एच, १२४५०एच किंवा नव्या नावाचा कोअर ५ २१०एच, तिन्ही चालतील. तिन्हींची मांडणी ४ मोठे, ४ लहान अशीच आहे. नव्या नावासाठी फार जास्त मोजू नका.

एएमडी दाखवले तर नंबर नीट वाचा. ७०००च्या मालिकेत तिसरा आकडा प्रोसेसरच्या आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे जुनी झेन २ रचना, आणि फक्त ४ कोअर. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३ आणि ६ कोअर. पाटीवर दोन्ही "रायझन ५, ७००० मालिका". ७५२०यू सिव्हिलसाठी अजिबात घेऊ नका. त्याची रॅमही मदरबोर्डवर कायमची डकवलेलीच येते. रायझन ५ ७५३५एचएस किंवा रायझन ७ ७७३५एचएस मिळाला तर खुशाल घ्या.

---

समतल_रेषा

प्रोसेसरबद्दल वर आलेच आहे. मी ग्राफिक्स कार्डाबद्दल लिहिते, कारण खर्च तिथेच वाढतो.

स्टॅड प्रो आणि ईटॅब्सची आकडेमोड प्रोसेसर आणि रॅमवर होते. ग्राफिक्स कार्ड फक्त मॉडेल फिरवून दाखवण्यापुरते लागते. ऑटोकॅडचे टू-डी काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर व्यवस्थित चालते. रेव्हिटमध्ये विद्यार्थ्यांच्या आकाराचे मॉडेल, म्हणजे तळमजला अधिक तीन-चार मजले, तेही कार्डाशिवाय चालते. शेडेड दृश्यात फिरवताना थोडे अडखळेल इतकेच.

कार्ड खरेच लागते ते एन्स्केप, ट्विनमोशन, लुमियन, डी५ यांसारख्या रेंडरिंगच्या, म्हणजे मॉडेलचे हुबेहूब चित्र बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरला. सिव्हिलच्या अभ्यासक्रमात हे सहसा नसते, पण शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये मुले 'वॉकथ्रू' (इमारतीतून फिरल्यासारखा व्हिडिओ) करतातच. त्यामुळे प्रश्न मुलीला विचारा: डिझाइन आणि स्ट्रक्चरकडे ओढा आहे की बीआयएम (इमारतीचे सर्व माहितीसह थ्रीडी मॉडेल बनवणे) आणि इंटिरिअरकडे? स्ट्रक्चर असेल तर एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि चांगला स्क्रीन असलेला, कार्ड नसलेला लॅपटॉप शोधा. दीड-पावणेदोन किलोत मिळतो आणि बॅटरीही जास्त टिकते. बीआयएम असेल तर ३०५० ६ जीबी ही खालची मर्यादा धरा. ४ जीबीचे कार्ड, मग ते आरटीएक्स २०५० असो की ३०५०, रेंडरिंगला लवकर अपुरे पडते.

कार्डाचे नुसते नाव पाहून चालत नाही. एकच ३०५० कोणी ४५ वॅटवर देतो, कोणी ७५ वॅटवर, आणि रेंडरिंगच्या वेळेत हा फरक स्पष्ट दिसतो. कंपनीच्या तपशीलपत्रात 'टीजीपी' नावाने हा आकडा असतो. तिथे नसेल तर दुकानातल्या डेमो यंत्रावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्प, मग सिस्टिम इन्फर्मेशन. त्यात कमाल ग्राफिक्स पॉवर वॅटमध्ये दिसते.

वजनाचा विचार हलका धरू नका. २.३ किलोच्या लॅपटॉपसोबत अर्धा किलोचा किंवा त्याहून जड चार्जर येतो. वसतिगृहातून कॉलेजात रोज न्यायचा असेल तर पाठीवर तीन किलो. चार्जर न नेता भागेल का, तर बहुतेक नाही.

---

निळा_पडदा

स्क्रीन आणि रॅम, या दोन गोष्टी पाटीवर सर्वांत कमी लिहिल्या जातात आणि पुढे सर्वांत जास्त त्रास देतात.

स्क्रीनसाठी तीन आकडे विचारा: पॅनलचा प्रकार, उजेड किती निट, रंग किती टक्के. आयपीएस पॅनल, किमान ३०० निट आणि १०० टक्के एसआरजीबी (रंगांचे प्रमाणित माप) असेल तर डोळे झाकून घ्या. ७५ हजारांच्या आतल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा २५० निट आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांचे दुसरे माप) असे पॅनल येते, म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६० टक्केच रंग. १४४ हर्ट्झचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात आणि हा आकडा गाळतात. ऑटोकॅडमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळ्या आणि जांभळ्या लेयरच्या रेषा असतात, त्या अशा पॅनलवर शोधाव्या लागतात. वर्गात खिडकीशेजारी बसले की २५० निटचा स्क्रीन फिका पडतो. टीएन पॅनल असेल तर बाजूने पाहताच रंग उलटतात, ते घेऊच नका.

आकार १५.६ किंवा १६ इंच. त्यातही १९२०×१२०० मिळाला तर १९२०×१०८० पेक्षा बरा. जास्तीचे १२० पिक्सेल ऑटोकॅडच्या रिबनला आणि खालच्या कमांड ओळीला उपयोगी पडतात. १४ इंचावर रेव्हिटचे प्रॉपर्टीज आणि प्रोजेक्ट ब्राउझर उघडे ठेवले की रेखाटनाला जागाच उरत नाही.

रॅम "१६ जीबी" चार प्रकारांनी असू शकते: सगळी मदरबोर्डवर डकवलेली, ८ डकवलेली आणि ८ची पट्टी स्लॉटमध्ये, ८-८च्या दोन पट्ट्या, किंवा १६ची एकच पट्टी आणि एक स्लॉट रिकामा. पहिल्या प्रकारात पुढे काहीच वाढवता येत नाही. दुसऱ्यात ८ची पट्टी काढून १६ची टाकली तर २४ होते. शेवटचे दोन सर्वांत मोकळे. दुकानात तपासायचे असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' मध्ये दोनपैकी एक वगैरे दिसते आणि 'फॉर्म फॅक्टर' मध्ये 'रो ऑफ चिप्स' असे आले तर रॅम डकवलेली आहे.

एकच पट्टी असलेल्या लॅपटॉपमध्ये मेमरी एकाच मार्गाने चालते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग चांगलाच घटतो. १३३४यू मध्ये तर एकच पट्टी असेल तर ग्राफिक्सचे नाव 'आयरिस एक्सई'ऐवजी साधे 'यूएचडी' दिसते. वेगळे कार्ड असेल तर हा फरक तितका जाणवत नाही.

"आत्ता ८ घ्या, पुढे वाढवू" हा सल्ला दोन-तीन वर्षांपूर्वी ठीक होता. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिप्सचे भाव खूप चढले आहेत, कारण कारखान्यांची बरीच क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली. आज सुटी पट्टी घेणे महाग पडते, म्हणून १६ जीबी लॅपटॉपसोबतच येऊ द्या. पुढे ३२ करण्याची वाट मोकळी असली की पुरे.

---

वारणाकाठ

सर्वांचे आभार. मॅकबुकचा विषय संपला. मुलीला बीआयएममध्ये रस आहे, त्यामुळे 'ब'कडे झुकतो आहे. दुकानात जाऊन पाहिले: 'ब' मध्ये रॅम १६ची एक पट्टी, दोनपैकी एक स्लॉट वापरात. एसएसडीसाठी दुसरा रिकामा स्लॉट आहे म्हणतो. पण स्क्रीन ४५ टक्के एनटीएससी, २५० निट. तेवढ्यासाठी सोडून द्यावा का?

आणखी तीन प्रश्न. एक, ओळखीचे एकजण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले 'वर्कस्टेशन' लॅपटॉप निम्म्या किमतीत आणून देतो म्हणतात. दोन, नो-कॉस्ट ईएमआयवर घेणे फायद्याचे का? तीन, माझे हार्डवेअरचे दुकान आहे. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतले तर १८ टक्के वाचतात असे ऐकले.

---

निळा_पडदा

त्याच मॉडेलचे दुसरे उपप्रकार शोधा. एकाच नावाखाली कंपन्या पाच-सहा वेगवेगळे साचे विकतात आणि त्यांत पॅनल बदलते. म्हणून नावाने चौकशी न करता खोक्यावरच्या पूर्ण मॉडेल क्रमांकाने करा. लिनोवोचा भारतातला क्रमांक 'आयएन' या अक्षरांनी संपतो. तो त्यांच्या पीएसआरईएफ नावाच्या संकेतस्थळावर टाकला की पॅनल, रॅमचे स्लॉट, बॅटरी किती वॉट-अवर, एसएसडीचे स्लॉट, सगळे बाहेर येते. एचपीच्या क्रमांकात शेवटची दोन अक्षरे पाहा: 'टीयू' म्हणजे इंटेल आणि वेगळे कार्ड नाही, 'टीएक्स' म्हणजे इंटेल आणि कार्ड आहे, 'एयू' आणि 'एएक्स' तसेच एएमडीसाठी.

चांगले पॅनल तीन-चार हजार जास्त देऊन मिळत असेल तर द्या. प्रोसेसरमधल्या थोड्या फरकापेक्षा तिला रोज जाणवेल तो स्क्रीनच. मिळतच नसेल तर 'ब' घ्या आणि खोलीवर टेबलासाठी २४ इंचाचा आयपीएस मॉनिटर पुढच्या वर्षी जोडा. एचडीएमआय पोर्ट आहे एवढे पाहा. रेव्हिट करायला लागल्यावर दुसरा पडदा लागतोच.

---

जुना_खिळा

वापरलेल्या लॅपटॉपबद्दल. थिंकपॅडची पी मालिका, डेलचे प्रिसिजन, एचपीचे झेडबुक हे बांधणीने दणकट असतात, सुटे भाग मिळतात, आतली रचना दुरुस्तीला सोपी. त्यामुळे सूचना वाईट नाही. पण घेण्याआधी पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

पहिली, प्रोसेसरची पिढी. विंडोज १०चे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या ८व्या पिढीपासून पुढे आणि रायझनच्या २००० मालिकेपासून पुढे चालते. ७व्या पिढीच्या यंत्रावर कोणी ती आडमार्गाने टाकून दिली तर आज चालेल, पण पुढचे मोठे अपडेट मिळेल याची खात्री नाही. तुम्ही चार वर्षांचा विचार करता आहात, तेव्हा ११व्या पिढीच्या खाली जाऊ नका.

दुसरी, कुलपे. हे लॅपटॉप कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडलेले असतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पाहा: सुपरवायझर पासवर्ड मागतो का? मागत असेल तर परत करा, थिंकपॅडमध्ये तो काढणे म्हणजे बऱ्याचदा मदरबोर्डच बदलणे. नंतर विंडोज पूर्ण रीसेट करायला लावा आणि पहिल्याच सेटअपला इंटरनेट जोडा. "वेलकम टु" आणि पुढे कुठल्या तरी कंपनीचे नाव आले तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ऑटोपायलट यादीत, म्हणजे तिच्या ताब्यातल्या यंत्रांच्या यादीत, आहे. इंटरनेटशिवाय सेटअप करून दाखवलेल्या यंत्रात हे लपून राहते, आणि पुढे कधी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की लॅपटॉप अडकतो.

तिसरी, बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश, आणि स्लॅशला जोडूनच बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजीत टाइप करा. तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी मिळते. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. "नवीन बॅटरी टाकली आहे" हे ऐकले तर ती कोणाची ते पाहा. हलक्या बनावटीच्या बॅटऱ्या वर्षभरात फुगतात आणि टचपॅड वर उचलतात.

चौथी, एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून उरलेले आयुष्य टक्क्यांत आणि किती तास चालली ते पाहा.

तुमच्या बाबतीत माझे मत नव्याकडे. वसतिगृहावर बंद पडला तर मुंबईला पाठवून महिनाभर वाट पाहणे तिला परवडणार नाही. ओळखीचा माणूस विक्रीनंतर गॅरंटी तोंडी देतो, बिलावर देत नाही.

---

चौथा_मजला

जीएसटीचे स्पष्ट सांगतो: इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, फक्त व्यवसायासाठी वापरलेल्या वस्तूवर मिळते. मुलीच्या शिक्षणाच्या लॅपटॉपवर दुकानाच्या नंबरने क्रेडिट घेणे नियमात बसत नाही. असे पुष्कळजण सुचवतात, तरी तो मार्ग सोडा. बिल मुलीच्या किंवा तुमच्या नावाने घ्या. वॉरंटी आणि विमा दोन्हींसाठी तेच सोयीचे.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते आणि मग बँक व्याज लावते. त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी घेते, तो सूट मिळालेल्या रकमेत धरलेला नसतो. व्याज ३,००० रुपये झाले तर त्यावर ५४० रुपये, शिवाय प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. तरीही सोयीसाठी घ्यायला हरकत नाही. फक्त रोखीत किंवा थेट कार्डावर जास्त सूट मिळते का, ते एकदा विचारा. ईएमआय घेतला की ती सूट काही वेळा जाते.

वॉरंटीत दोन शब्द पाहा: 'ऑनसाइट' की 'कॅरी-इन'. पहिल्यात तंत्रज्ञ येतो, दुसऱ्यात तुम्ही लॅपटॉप सेवा केंद्रात न्यायचा. ऑनसाइट लिहिले असले तरी ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला विचारून घ्या. शहरातल्या वसतिगृहाचा पिनकोड सांगा, घरचा नको. अपघाती नुकसानीचे संरक्षण, म्हणजे एडीपी, विद्यार्थ्यासाठी मला वाढीव वॉरंटीपेक्षा जास्त गरजेचे वाटते. चहा सांडणे आणि स्क्रीन फुटणे साध्या वॉरंटीत येत नाही, आणि बिघाड सहसा तसेच होतात. हे संरक्षण कंपनीचेच घ्या. दुकानाच्या किंवा तिऱ्हाइताच्या योजनेत अटी बारीक असतात.

---

समतल_रेषा

लॅपटॉप हातात आल्यावर पहिल्या दिवशी करायचे काम. यात आळस केला की बदलून मिळण्याची मुदत निघून जाते.

खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा: सील, खोक्यावरचा सिरियल नंबर, लॅपटॉपच्या तळाचा सिरियल नंबर. चालू केल्यावर बायोसमधलाही पाहा. तिन्ही एकच हवेत, आणि बिलावरचाही तोच. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कधीपासून मोजली आहे ते पाहा. बिलाच्या तारखेच्या महिनोन्महिने आधीची असेल तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या.

बॅटरी अहवाल नव्या लॅपटॉपवरही काढा. चार्ज सायकल शून्य-एक-दोन असायला हवेत. तीस-चाळीस दिसले तर तो डेमोला ठेवलेला किंवा परत आलेला लॅपटॉप आहे. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६-४७७ जीबी दिसते, तो दोष नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. स्क्रीनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदाभर रंग लावून मेलेले पिक्सेल शोधा, काळ्या रंगाला खोली अंधारी करून. एकदोन पिक्सेलसाठी कंपनी वॉरंटीत पॅनल बदलून देत नाही, विक्रेत्याच्या मुदतीत मात्र पूर्ण लॅपटॉप बदलून मागता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटअप केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. वापरणाऱ्याला कळतही नाही. पुढे मदरबोर्ड बदलला, किंवा बायोसमध्ये काही हलवले, की ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुकानातल्या मुलाने स्वतःच्या किंवा बनावट ईमेलने सेटअप करून दिला असेल तर सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा प्रोजेक्ट कायमचा गेला. म्हणून सेटअप मुलीने स्वतः, स्वतःच्या ईमेलने करावा, पासवर्ड लिहून ठेवावा, आणि खात्याच्या पानावरून की छापून घरी ठेवावी. लॅपटॉपसोबत आयुष्यभराचे ऑफिस आले असेल तर तेही ज्या खात्यावर सुरू कराल त्यालाच कायमचे जोडले जाते. दुकानदाराला "मी चालू करून देतो" म्हणू देऊ नका.

ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. परवाना एका वर्षाचा, शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी नवा करता येतो. कॉलेजचे ओळखपत्र लागते. बाजारातून 'क्रॅक' टाकून घेण्याची गरजच नाही, आणि लॅपटॉपात घाण शिरते ती त्याच वाटेने.

---

जुना_खिळा

वसतिगृहासाठी एक भर. चार्जरच्या प्लगला तीन पिना असतात आणि खोलीतले सॉकेट जुने असते. जाड पिन अर्थिंगची आहे, ती कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून वापरू नका. अर्थिंग नसेल तर चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारा सूक्ष्म प्रवाह धातूच्या आवरणावर राहतो आणि हाताला झिणझिण्या येतात. तो झटका धोक्याच्या पातळीचा नसतो, पण बाहेरचा मॉनिटर किंवा प्रिंटर जोडताना पोर्ट जळायला तेवढे निमित्त होऊ शकते. खोलीत अर्थिंग आहे का हे वायरमन टेस्टरने दोन मिनिटांत सांगतो. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, पण अर्थिंग नसेल तर तोही नीट काम करत नाही.

चार्जर सतत लावून ठेवायचा असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. लिनोवोच्या व्हँटेजमध्ये, आसुसच्या मायआसुसमध्ये ती मिळते; इतरांत बायोसमध्ये शोधा. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. हवा आत ओढणाऱ्या जाळ्या तळाशी असतात.

---

वारणाकाठ

त्याच मॉडेलचा १०० टक्के एसआरजीबी, ३०० निट असलेला उपप्रकार मिळाला, साडेतीन हजार जास्त. रॅम तशीच, १६ची एक पट्टी. उद्या बिल करतो. शेवटचा प्रश्न: पुढे ३२ करताना दुसरी पट्टी कुठलीही चालेल का? आणि दुकानात डेमो यंत्रावर रेव्हिट उघडून पाहिले तर फिरवताना अडखळत होते, ते कशामुळे?

---

निळा_पडदा

१३४२०एच सोबत काही लॅपटॉप डीडीआर४ वापरतात, काही डीडीआर५. दोघांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकमेकांत बसत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये प्रकार आणि वेग दोन्ही दिसतात. त्याच प्रकारची, त्याच वेगाची, १६ जीबीची पट्टी घ्या. कंपनी वेगळी चालते. वेग वेगळा असेल तर दोन्ही पट्ट्या कमी वेगावर चालतात. बसवताना बॅटरीची जोडणी आधी सोडवायची, आणि झाकणाला प्लॅस्टिकचे हूक असतात ते नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकायचे, स्क्रूड्रायव्हरने नाही.

रेव्हिट अडखळण्याची पहिली शंका: डेमो यंत्र बॅटरीवर होते का? चार्जर काढला की प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींची वीज मर्यादित होते. दुसरी: रेव्हिट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत असेल. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असे जाऊन यादीत रेव्हिट जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. मग रेव्हिट बंद करून पुन्हा उघडा आणि ऑप्शन्समध्ये कार्डाचे नाव ३०५० दिसते का ते पाहा.